कुंभार्लीमार्गे एक दात

आम्हा चिपळूणकरांना कुंभार्ली घाट हा लिहिण्याचा विषय कधी वाटत नाही. ‘जरा घाटावर जाऊन येतो’ असे म्हणून आमची माणसे पिशवी उचलतात ती कोर्टाच्या कामाला, मुलगी दाखवायला, नाहीतर पुण्याच्या इस्पितळात पडलेल्या आत्याला बघायला. घाटात धुके किती दाट होते यापेक्षा गाडी उंब्रजला वेळेवर लागली का, याची चौकशी घरी आधी होते. मीही वीस-पंचवीस वर्षे या घाटाने असाच झोपून गेलो आणि झोपून आलो. पण गेल्या आषाढापासून यंदाच्या भाद्रपदापर्यंत हा घाट मी सात वेळा चढलो. सातही वेळा जागा राहून, आणि बहुतेक वेळा तोंड मिटून. कारण एक दात.

आषाढी एकादशीच्या सकाळी अण्णांच्या पूजेसाठी तुळस खुडायला मी अंगणात उतरलो. कोकणातल्या पावसात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ किती धरते हे काही मला नवीन नव्हते. तरी पाय सटकला आणि मी तोंडावर आपटलो तो नेमका वृंदावनाच्या कडेवर. पुढचा वरचा दात अर्धा तुटून हातात आला. ओठ फुटलेला, धोतराच्या सोग्यासारखा रुमाल तोंडात कोंबलेला, अशा अवस्थेत मी घरात आलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी हळद आणली आणि मग म्हणाल्या, “विठोबाला तुळस वाहायची होती हो, दात नव्हे!”

आमच्या गावातले दंतवैद्य माझ्या शाळेतल्या मित्राचे धाकटे भाऊ. त्यांनी क्ष-किरण फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि प्रामाणिकपणे सांगितले की, दात नुसता मोडलेला नाही, त्याचे मूळ उभे चिरले आहे. रूट कॅनाल करून हा वाचणार नाही, काढावाच लागेल. मग त्या जागी काय? तर तीन वाटा. एक, काढघालीची दातपट्टी. स्वस्त, पण रोज काढा, धुवा, बसवा. दुसरी वाट म्हणजे ब्रिज; शेजारचे दोन चांगले दात चहूबाजूंनी घासून त्यांवर तीन दातांची सलग टोपी बसवायची. आणि तिसरी, हाडात टिटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर एकट्याच दाताची उभारणी करायची, म्हणजे इम्प्लांट. शेजाऱ्याला धक्का न लावता आपले घर बांधायचे, हा तिसऱ्या वाटेचा मोठा गुण मला पटला. शेजारचे दोन दात बिचारे निर्दोष होते. “पण तुमचं पुढचं हाड पातळ आहे, सर,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या दाताचं काम नाजूक असतं. मी माझ्या भावालाही पुण्यालाच पाठवलं असतं.” आपल्याच्याने न होणारे काम दुसऱ्याकडे पाठवणारा वैद्य भेटणे हे भाग्य. त्यांनी टिळक रस्त्यावरच्या एका डॉक्टरीणबाईंचे नाव लिहून दिले. माझी धाकटी बहीण कोथरूडला राहते. उतरण्याची सोय झाली.

पहिल्या फेरीला घाट दिसलाच नाही. पोफळी सोडली आणि गाडी ढगात शिरली. ड्रायव्हरसाहेब पिवळे दिवे लावून, कर्णा वाजवीत, वळणामागून वळण अंदाजाने घेत होते. मधेच ढग फाटावा आणि हाताच्या अंतरावर कातळावरून धबधबा कोसळताना दिसावा, काचेवर तुषार यावेत, की पुन्हा सगळे पांढरे. माझ्या जिभेला मात्र बाहेरच्या निसर्गाशी काही कर्तव्य नव्हते. ती आपली त्या तुटक्या दाताच्या धारेकडे धावे, ओरखडा काढून घेई, माघारी फिरे, आणि पुन्हा धावे. माणसाची जीभ इतकी चौकस असते हे मला त्या दिवशी कळले. हेळवाक आले, कोयनानगर गेले, पाटणला चहा झाला. तो मी डाव्या गालाने प्यालो. साताऱ्यापुढे खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा मनात विचार आला की, डोंगराला भोक पाडणारे लोक निदान डोंगराला इंजेक्शन तरी देत नाहीत.

डॉक्टरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी जबड्याचा तो घन फोटो काढवून घेतला. यंत्र आपल्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालते आणि पडद्यावर हाडाच्या पावासारख्या चकत्या दिसू लागतात. साखर तपासली, रक्तदाबाची गोळी विचारली, तंबाखू-मशेरी-विडी काही आहे का, हे तीनदा विचारले. धूर आणि तंबाखू असेल, किंवा साखर आटोक्यात नसेल, तर हाड धातूला धरत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी दात काढला. भूल चढल्यावर दुखले नाही. फक्त आत कुठेतरी जुने दार बिजागरीतून निघावे तसा करकर आवाज झाला. ही भाषा मी बहिणीला ऐकवली, तर ती म्हणाली, “दादा, आता गप्प बस आणि आइसक्रीम खा.”

येथे मला वाटले होते की, स्क्रू आजच बसेल आणि एकादशीचे पारणे मी नव्या दाताने फेडीन. अनेकांची हीच समजूत असते. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. काही जणांना दात काढल्याबरोबर त्याच खड्ड्यात स्क्रू बसवता येतो. पण माझ्यासारखे पुढचे हाड पातळ आणि वर मार लागलेला असेल, तर आधी जखम भरू द्यावी लागते. मला तीन महिने थांबायचे होते. तोवर एक तात्पुरता दात मिळाला : टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी आणि तिला पुढे लटकणारा एक दात.

या पट्टीने मला जे शिकवले ते एम.ए.ला कुणी शिकवले नव्हते.

मी मराठीचा अध्यापक. तृतीय वर्षाच्या मुलांना भाषाविज्ञान शिकवतो. श्रावणात नेमका वर्णविचार चालू होता. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर चित्र काढून सांगत आलो. मराठी ‘च’चे आणि ‘ज’चे दोन उच्चार आहेत हेही सांगत आलो. ‘तो या जगात जगला’ हे माझे ठरलेले उदाहरण. पहिला ‘ज’ टाळूवरचा, दुसरा दाताजवळचा. लिहिताना एक, बोलताना दोन. आता माझे दोन्ही ‘ज’ एक झाले होते, ‘स’ची शीळ होत होती, आणि ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दाताला शोधायला जाई तो पट्टीला सापडे. तरी मी नेटाने उभा होतो. महाप्राण म्हणजे हवेचा जोर, हे दाखवण्यासाठी तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘थ’ म्हणायचा, कागद हलतो, असा तो जुना प्रयोग. मी कागद धरला. जोराने ‘थ’ म्हटले. कागद हलला, आणि त्यापाठोपाठ गुलाबी पट्टी दातासकट टेबलावर जाऊन पडली.

वर्गात टाचणी पडेल तरी ऐकू येईल अशी शांतता. मग मागच्या बाकावरून एक गंभीर आवाज आला, “सर, महाप्राण गेला.”

वर्ग हसला, मीही हसलो. नाही हसून करतो काय! आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण त्या दिवसानंतर मी वर्गात कविता मोठ्याने वाचणे बंद केले. आधी मला ते कळलेसुद्धा नाही. ‘आज टिपणे देतो’, ‘आज तुम्हीच वाचा’, ‘आज घसा बसलाय’, अशी कारणे आपोआप सुचत गेली. स्टाफरूममध्ये मी ऐकणारा झालो. गणेशोत्सवातल्या वक्तृत्वस्पर्धेच्या परीक्षकपदाला पत्र लिहून नकार कळवला. हसताना हात तोंडाशी जाऊ लागला. जागा दाताएवढी, म्हणजे जेमतेम बोटाच्या पेराएवढी, पण तिने माणूस केवढा आवरून घेतला होता!

आणि मग एके संध्याकाळी पडवीत बसलो असताना मला अण्णांचा उलगडा झाला.

अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आता अठ्ठ्याहत्तरीचे. आमच्या वाडीत श्रावणमासात त्यांची पोथी असे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’. रात्री जेवणे आटोपली की, बायामाणसे पडवीत येत, कंदिलाच्या काळापासून ट्यूबलाइटच्या काळापर्यंत. अण्णांचा आवाज काही गोड नव्हे, पण शब्द स्वच्छ. ओवीचा शेवट असा टेकवीत की, झोपलेले पोरसुद्धा जागे व्हावे. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी पोथी बंद केली. ‘डोळे भरून येतात, अक्षर दिसत नाही’ असे म्हणाले. मी मोतीबिंदूचे ऑपरेशन करून आणले. वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचू लागले, पण पोथी उघडली नाही. आम्ही समजलो, वय झाले.

त्यांना वरखाली पूर्ण कवळी आहे. आता माझ्या तोंडात पट्टी आल्यावर मी प्रथमच त्यांच्या तोंडाकडे पाहिले, म्हणजे खरोखर पाहिले. वरची कवळी टाळूला धरून राहते. खालची मात्र नुसती हिरडीच्या कडेवर ठेवलेली असते. दात नसले की, जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, कड बसत जाते, आणि जीभ हलली की, कवळी होडीसारखी तरंगते. अण्णा प्रत्येक वाक्यानंतर ओठ मिटून तिला जागेवर दाबत होते. दोन शब्द, की दाबायचे. ओवीत साडेतीन चरण असतात, आणि ही कवळी एका चरणालाही पुरत नव्हती. हे मला, भाषाविज्ञान शिकवणाऱ्या मुलाला, पाच-सहा वर्षे एका छपराखाली राहून कळले नव्हते. मी त्यांना तेव्हा काही बोललो नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा घाट चढलो. पाऊस नुकताच गेलेला. खाली भाताला पिवळी कळा आलेली आणि वर कातळसड्यावर सोनकीचे पिवळे ताटवे. ढग नव्हते, त्यामुळे मागे वळून पाहिले की, शिरगाव, पोफळी, अलोरे ही गावे पटावर मांडल्यासारखी दिसत होती. त्या पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. वरचे पाणी बोगद्यांतून खाली येते, चाके फिरवते आणि आमच्या वाशिष्ठीला येऊन मिळते. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ वीजमंडळातून निवृत्त झालेले निघाले. त्यांनी १९९९ साली शिवसागराच्या तळाला सुरुंग लावून बोगद्यात पाणी कसे घेतले ते हातवारे करून सांगितले. मी ‘हूं’, ‘हूं’ म्हणत होतो. त्यांना वाटले, मी फार नम्र श्रोता आहे.

आता प्रत्यक्ष स्क्रूविषयी. लोक मला हेच विचारतात, आणि आवाज खाली आणून विचारतात : “फार दुखतं का हो?” तर सांगतो, दात काढण्यापेक्षा कमी. भुलेची सुई टोचते तेवढीच. मग तोंडावर हिरवे कापड, हिरडीला छोटी चीर, आणि हाडात बारीक छिद्र. ते एकदम पाडत नाहीत. बारीक, मग जरा जाड, मग त्याहून जाड, असे पायरीपायरीने, वरून सारखे थंड पाणी सोडीत. कारण हाड तापता कामा नये. ४७ अंशांवर ते एक मिनिटभर राहिले तरी त्यातला जीव जाऊ लागतो, आणि मेलेले हाड कुणाला धरून ठेवीत नाही. यंत्राचा आवाज कानाला येत नाही, तो सरळ कवटीत येतो. मग स्क्रू : चार मिलिमीटरच्या आतला जाड, बारा-तेरा मिलिमीटर लांब. किल्लीने हळूहळू पिळीत आत नेतात. दुखत नाही, दाब मात्र नाकापर्यंत कळतो. माझ्या पातळ हाडाला बाहेरून आधार म्हणून हाडाची पूड भरली. ही पूड गुरांच्या हाडापासून शुद्ध केलेली मिळते तशी रासायनिक घडणीचीही मिळते. बाईंनी मला आधीच विचारले होते. ज्यांच्या घरी आचारविचार कडक आहेत त्यांनी आपण होऊन विचारावे, नंतर हळहळण्यात अर्थ नाही. वर टाके घातले. तासाभरात मी रस्त्यावर होतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, पहिल्या नव्हे. पहिल्या दिवशी बर्फ लावावा, जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, गरम काही घेऊ नये. मी बहिणीकडे तीन दिवस मेतकूट-भात आणि ताक यांवर काढले आणि परतताना साताऱ्याला कंदी पेढे घेतले. जिभेने टाळूला दाबले की विरघळतात, असे दुसरे पक्वान्न नाही. टाके दहाव्या दिवशी आमच्या गावच्या डॉक्टरांनीच काढले.

पण या स्क्रूची हकीकत त्याच्या धातूशिवाय अपुरी राहील. पेर-इंगवार ब्रानेमार्क नावाचे एक स्वीडिश डॉक्टर १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण कसे चालते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टिटॅनियमची एक लहानशी दुर्बिणीची कुपी हाडात बसवली. काम संपल्यावर ती महागडी कुपी काढायला गेले, तर निघेना. हाड तिला धरून बसले होते. दुसऱ्या कुणी वैतागून कुपी मोडून काढली असती. हा गृहस्थ विचार करीत बसला. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते स्क्रू कामात होते. दंतवैद्यांच्या जगाला मात्र ही गोष्ट पटायला १९८२ साल उजाडावे लागले; टोरांटोच्या परिषदेनंतर सगळे ऐकू लागले. आणि हा धातू काही परका नव्हे बरे! आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी, नेवरे, मालगुंड येथे वाळूत जे काळे पट्टे दिसतात त्यांत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टिटॅनियम यांचे खनिज. केशवसुतांचे जन्मस्थान दाखवायला मी दरवर्षी मुलांना मालगुंडला नेतो. तिथल्या काळ्या वाळूत चपला काढून चालताना, या मातीतला पदार्थ एक दिवस माझ्या तोंडात येणार आहे, अशी कल्पना कुणी केली होती?

दिवाळी आली. चकलीचा वास घरभर, आणि मी मऊ पोह्यांवर. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ या म्हणीचा दुसरा अर्धा मी सहकुटुंब अनुभवला. अण्णा आणि मी शेजारी शेजारी बसून चकली चहात बुडवून खात होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि बोळके पसरून हसले. कवळी फराळाला ते काढूनच ठेवतात.

पुढचे पाच महिने काहीही घडले नाही, आणि तेच खरे काम होते. डॉक्टरीणबाईंचा वाटा तासाभराचा. बाकी सगळे हाडाने करायचे. वरच्या जबड्याचे हाड विरविरीत, त्याला जास्त वेळ लागतो. खालचे घट्ट, ते दोन-तीन महिन्यांत आटोपते. त्या काळात त्या जागेवर चावायचे नाही. धीर न धरता आधीच भार टाकला तर स्क्रूभोवती हाडाऐवजी मऊ दोरे वाढतात आणि तो हलू लागतो. शंभरातले नव्वदाहून अधिक स्क्रू दहा वर्षे सहज टिकतात हे खरे, पण उरलेल्यांत आपण नसू कशावरून? रोज रात्री जीभ तिथे जाऊन विचारपूस करून येई.

शिमग्याच्या सुमारास तिसरी फेरी. तोच घाट, पण ओळखू येऊ नये. वणव्यांनी उतार काळे केलेले, धबधब्यांच्या जागी कोरडे ओघळ, आणि त्या करड्या रानात मधेच एखादा पांगारा लालभडक. बाईंनी हिरडी उघडली, स्क्रूच्या डोक्यावर दांडी बसवली आणि हत्याराच्या मुठीने तिच्यावर हलकेच टकटक केले. स्वच्छ ‘टण्’ असा आवाज आला. “धरलाय,” त्या म्हणाल्या. बाजारात मडके घेताना आमची आई बोटाने वाजवून घेत असे, त्याची आठवण झाली. बद्द आवाज आला असता तर मडके फुटके.

चौथी फेरी माप घेण्याची. आणि रंग जुळवण्याची. पिकलेल्या बटाट्यापासून तांदळापर्यंत दातांच्या रंगांची एक माळच असते. ती खिडकीशी दिवसाच्या उजेडात दाताशी धरून पाहतात, आणि कामाला सुरुवात करण्याआधीच पाहतात, कारण तोंड उघडे राहिले की, दात सुकून पांढरे दिसू लागतात. मला शुभ्र दात हवा होता. बाईंनी माझ्या तीस वर्षांच्या चहाला साजेसा, किंचित पिवळसर निवडला. त्यांचे बरोबर होते. एकटा पांढरा दात म्हणजे शाळेच्या फोटोत इस्त्री करून आलेला एकच मुलगा.

पाचव्या फेरीला वैशाख. हापूसची पेटी घेऊन गेलो. टोपी बसली, स्क्रू कसला, निळा कागद दातांत धरून चावायला लावले, जिथे टेकत होती तिथे घासली. हा दात शेजाऱ्यांपेक्षा किंचित मागे ठेवतात. खऱ्या दाताभोवती नाजूक धाग्यांची गादी असते, ती खडा लागला की तत्काळ सांगते. या दाताला गादी नाही. तो मुका आहे. किती जोर लागला हे त्याला नीट कळत नाही, म्हणून त्याच्यावर भार कमी. त्याला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला लागते ती सूज हाडापर्यंत जाऊ शकते. तेव्हा रोज दोरा फिरवायचा आणि सहा महिन्यांनी दाखवायचे. हे सगळे सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता काहीतरी बोला, सर.”

माझ्या तोंडून आपोआप निघाले, “तो या जगात जगला.”

दोन्ही ‘ज’ वेगळे आले. बाईंना वाटले, मी कुणाच्या श्रद्धांजलीचे वाक्य म्हणालो.

खर्च विचाराल तर मला पूड, फोटो, टोपी धरून पन्नास हजारांच्या वर थोडे गेले, एस.टी. वेगळी. बँकेतली एक ठेव मोडली. ब्रिज यापेक्षा स्वस्त पडला असता, आणि तो करणाऱ्याला मी मुळीच नावे ठेवणार नाही.

त्याच दिवशी मी बाईंना अण्णांविषयी विचारले. या वयात? पूर्ण दात नव्हेत, त्या म्हणाल्या, नुसते दोन स्क्रू. खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी. त्यांच्या डोक्यावर टिचबटणे असतात, आणि कवळीच्या खालच्या अंगाला त्यांची जोडी. कवळी दाबली की, टिच्चकन बसते आणि तरंगत नाही. खालच्या पूर्ण कवळीला हाच चांगला इलाज. वय आड येत नाही. साखर आणि हाड पाहावे लागेल.

अण्णांना तयार करताना माझ्या दाताच्या कण्या झाल्या. नशीब की नवा दात मजबूत होता. “आता किती दिवस राहिलेत माझे? त्या पैशात धाकटीच्या मुलाची फी भर.” मी पोथीचा उल्लेख केला नाही. मी फक्त माझ्या पट्टीची गोष्ट सांगितली, त्या ‘थ’ची, आणि मी वर्गात कविता वाचणे कसे सोडले ते. ते बराच वेळ सुपारी नसलेला अडकित्ता उघडमीट करीत बसले. मग म्हणाले, “तुला ती जीभ आखडल्यासारखी वाटायची का रे? मला वाटायचं, मलाच तसं होतं.”

ज्येष्ठात तपासणीला गेलो. अण्णा खिडकीशी. घाट चढताना त्यांनी मला १९६७ सालच्या ११ डिसेंबरची पहाट सांगितली. ते तेव्हा विशीतले, गावातच होते. कोयनेचा भूकंप. अंगणात उभ्याउभ्या त्यांना वाटले होते की, घाट खाली येतो आहे. हाड पातळ निघाले पण पुरेसे निघाले. साखरेची गोळी वाढवून दोन महिने वाट पाहिली, आणि गणपती विसर्जन झाल्यावर सातवी फेरी. खुर्चीत बसताना त्यांनी बाईंना नमस्कार केला, आणि आत जाऊन पाऊण तासाने बाहेर आले ते हाताने ‘झाले’ अशी खूण करीत. कवळी आतून पोखरून मऊ अस्तर लावून देतात. टिचबटणे तीन महिन्यांनी. मार्गशीर्ष उजाडेल. यंदाचा श्रावण तर गेलाच.

परतताना त्यांना फार बोलायचे नव्हते. मफलर गुंडाळून, गालाला थंड पाण्याची पिशवी धरून ते बाहेर पाहत होते. कोयनानगर गेले, हेळवाक गेले, उतार लागला. पाऊस झिमझिम होता आणि ढग खालून वर येत होते. एका वळणावर त्यांनी माझ्या खिशातले पेन काढले, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर काहीतरी लिहिले आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला. हेडमास्तरी वळणदार अक्षर; गाडी हलत होती तरी काने सरळ.

‘हरिविजय वरच्या फळीवर आहे. पावसात कसर लागली असेल. घरी गेल्यावर उन्हं दाखवायला काढ.’

गाडी पोफळीला उतरेपर्यंत ऊन मात्र कुठे दिसले नाही.